रांग हवी की इशारा?

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे मोंढ्याचे गाव. आसपासच्या शिवारातली हळद, सोयाबीन, तूर, हरभरा इथे काट्यावर येतो. बाजारभाव हमीभावाच्या खाली घसरला की अशा गावांच्या शेतकऱ्यांची नजर सरकारी खरेदी केंद्राकडे लागते, आणि केंद्र सुरू झाले की पहिला प्रश्न उभा राहतो तो नंबराचा. आधी माप कोणाचे?

2016-17 च्या हंगामात हा प्रश्न अवघ्या महाराष्ट्राला छळून गेला. दुष्काळानंतर पाऊस चांगला झाला, तुरीचा पेरा वाढला, उत्पादन विक्रमी आले आणि भाव 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. केंद्रांसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. बारदाना कमी पडला, गोदामे भरली, माप थांबले. शेतकरी आपल्या मालावर राखण करत दिवसचे दिवस केंद्रावरच मुक्कामाला राहिले, कारण जागा सोडली तर नंबर जाण्याची भीती. 22 एप्रिल 2017 रोजी खरेदी बंद झाली तेव्हाही हजारो क्विंटल तूर बाहेर उभी होती. शेवटी त्या तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर विकत घेण्याचा निर्णय सरकारला करावा लागला.

पुढच्या हंगामापासून पद्धत बदलली. आता शेतकरी आधार कार्ड, सातबारा, पीकपेरा आणि बँक पासबुक देऊन ऑनलाइन नोंदणी करतो. त्याची पाळी आली की मोबाइलवर एसएमएस येतो: अमुक दिवशी माल घेऊन या. या व्यवस्थेत दोन वेगवेगळी कामे आहेत. नोंदणीची यादी सांगते की कोण आला, कोणता माल, कोणत्या क्रमाने. एसएमएस एवढेच सांगतो की आता निघा. एसएमएस पोहोचला नाही तरी यादीतला नंबर पुसला जात नाही. पण यादीच नसेल आणि नुसते एसएमएस सुटत असतील, तर ज्याच्या गावात त्या दिवशी रेंज नव्हती त्याची तूर घरीच राहील.

सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांपुढे हाच निर्णय रोज येतो. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याला काही कळवायचे आहे. त्याने रांग वापरावी की इशारा? तांत्रिक भाषेत पहिल्याला मेसेज क्यू म्हणतात आणि दुसऱ्याला सिग्नल. वरवर दोन्हींचे काम एकच दिसते, म्हणून नवखे प्रोग्रॅमर जे हाताशी येईल ते घेतात. ही निवड चुकली की तिचा दोष लगेच दिसत नाही. चाचणीत सगळे नीट चालते. गर्दीच्या दिवशी मात्र एखादी ऑर्डर हरवते, एखादे पेमेंट दोनदा जाते, एखादी यंत्रणा कोणाची तरी वाट पाहत कायमची गोठते. म्हणून या दोहोंचा स्वभाव मुळातून समजून घ्यायला हवा.

इशाऱ्याला स्मरण नसते

युनिक्स आणि लिनक्समधला सिग्नल हा इशाऱ्याचा सगळ्यांत जुना आणि शुद्ध नमुना. चालू प्रोग्रॅम बंद करण्यासाठी आपण कंट्रोल आणि सी ही बटणे दाबतो तेव्हा त्या प्रोग्रॅमला 2 क्रमांकाचा सिग्नल जातो. ऐकतच नसलेला प्रोग्रॅम मारायला 9 क्रमांकाचा सिग्नल लागतो. सिग्नल म्हणजे मिस्ड कॉल समजा. कोणी केला, कशासाठी केला, हे दोघांत आधी ठरलेले असेल तरच त्याला अर्थ. त्याच्यासोबत मजकूर येत नाही.

त्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमसाठी प्रत्येक नेहमीच्या सिग्नलामागे एक खूण ठेवते: आला आहे किंवा आलेला नाही. पहिला सिग्नल हाताळायच्या आत त्याच प्रकारचे आणखी चार आले, तर खूण एकच राहते. प्रोग्रॅमला पाचाऐवजी एकच इशारा मिळतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

याचा फटका कुठे बसतो ते पाहा. एखादा सर्व्हर अनेक छोटी कामे वेगळ्या उपप्रक्रियांकडे सोपवतो. उपप्रक्रिया संपली की मूळ प्रोग्रॅमला सिगचाइल्ड नावाचा सिग्नल येतो. नवखा प्रोग्रॅमर लिहितो: सिग्नल आला की एका संपलेल्या प्रक्रियेची नोंद आवर. कामे एकेक करून संपतात तोवर हे ठीक चालते. एकाच वेळी तीन संपल्या आणि इशारा एकच आला, तर दोन प्रक्रिया मेलेल्या अवस्थेत यादीत पडून राहतात. अनुभवी माणूस वेगळे लिहितो: इशारा आला की संपलेल्या जेवढ्या सापडतील तेवढ्या सगळ्या आवर, आणि एकही सापडेनाशी झाली की थांब. इशारे मोजायचे नाहीत, इशारा मिळाल्यावर खरी परिस्थिती तपासायची. पुढच्या साऱ्या विवेचनाचे बीज इथे आहे.

सिग्नल हाताळताना आणखी एक बंधन पाळावे लागते. तो प्रोग्रॅमला कुठल्याही क्षणी, हातातले काम अर्धवट असताना, अडवतो. त्या क्षणी तो प्रोग्रॅम मेमरीच्या हिशेबात फेरफार करत असेल आणि सिग्नल हाताळणाऱ्या भागानेही तोच हिशेब उघडला, तर दोघांचा गोंधळ होतो. म्हणून त्या भागात मेमरी मागणे किंवा पडद्यावर छापणे यांसारखी साधी कामेही वर्ज्य आहेत. एक खूण करून बाहेर पडावे आणि खरे काम मुख्य प्रवाहात करावे, हा शहाणा रिवाज.

मग सिग्नल वापरावाच का? कारण तो हलका आणि तत्काळ असतो. त्याला साठवणीची जागा लागत नाही, त्यामुळे तो भरून ओसंडत नाही. थांब, सेटिंग्ज पुन्हा वाच, वेळ संपली, अशा कळवण्यांना एवढे पुरते. सेटिंग्ज पुन्हा वाचण्याचा इशारा तीनदा आला आणि त्या एकदाच वाचल्या गेल्या, तर कोणाचेही नुकसान होत नाही.

रांगेची ताकद आणि रांगेचे ओझे

रांगेची कल्पनाही जुनी आहे. पेर ब्रिंक हॅन्सन या डॅनिश संगणकतज्ज्ञाने 1969 च्या सुमारास आरसी 4000 या संगणकासाठी जी मूळ प्रणाली बांधली, तिच्यात प्रक्रिया एकमेकींना निरोप पाठवत आणि प्रत्येकीकडे आलेले निरोप ओळीने लावले जात. पुढे हीच कल्पना यंत्रांच्या सीमा ओलांडून गेली. 1993 मध्ये आयबीएमने एमक्यू सिरीज बाजारात आणली आणि बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या कारभारात मेसेज क्यू रुजली.

रांगेचे सामर्थ्य तीन गोष्टींत आहे. एक, प्रत्येक निरोप मजकुरासह राहतो. दोन, क्रम राखला जातो. तीन, देणारा आणि घेणारा एकाच वेळी जागे असण्याची गरज नाही. घेणारा सर्व्हर दुरुस्तीसाठी तासभर बंद असला तरी निरोप थांबून राहतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. ऑनलाइन नोंदणी झाल्यावर शेतकऱ्याला केंद्रावर मुक्कामाची गरज उरत नाही ती याच कारणाने. त्याच्या वतीने त्याची नोंद रांगेत उभी असते.

ओझे मात्र खरे आहे. रांगेला जागा लागते आणि जागेला मर्यादा असते. लिनक्समधल्या पॉझिक्स या मानकाच्या मेसेज क्यूची मुळातली मर्यादा एका रांगेत 10 निरोप आणि एका निरोपात 8,192 बाइट एवढी असते. ती वाढवता येते, पण कुठेतरी थांबावेच लागते. ज्या दिवशी रांग भरेल त्या दिवशी काय करायचे, हे रांग बांधणाऱ्याने आधीच ठरवले पाहिजे. मार्ग तीन आहेत: देणाऱ्याला थांबवायचे, नवा निरोप नाकारायचा किंवा सर्वांत जुना फेकून द्यायचा. पैशाच्या व्यवहारात जुना फेकता येत नाही. थेट प्रक्षेपणाच्या चित्रांत जुनाच फेकायचा असतो.

2017 च्या तुरीच्या संकटात बारदान्याची टंचाई ही एक मोठी अडचण होती. माल येण्याचा वेग आणि माप होण्याचा वेग यांत तफावत पडली, आणि पुढे जागा नाही हे मागच्यांना वेळेत कळण्याची सोय नव्हती. संगणकशास्त्रात या सोयीला बॅकप्रेशर म्हणतात, म्हणजे पुढच्या टोकाची अडचण मागच्या टोकापर्यंत पोहोचवणे. नोंदणी आणि बोलावणे वेगळे केल्याने निदान तेवढे साधले. केंद्राची जेवढी क्षमता असेल तेवढ्यांनाच बोलावता येते. मात्र रांग कितीही नीट लावली तरी ती काट्याचा वेग वाढवत नाही. येणाऱ्यांचा वेग कायमच जास्त असेल तर रांग फक्त लांबत जाते. सर्व्हर मंद आहे म्हणून मध्ये मेसेज क्यू घातली, असे सांगणाऱ्याने हा हिशेब आधी मांडला पाहिजे. थोड्या वेळची गर्दी रांगेत सामावते. रोजची तूट सामावत नाही.

दुसरे ओझे दुहेरी निरोपांचे. घेणाऱ्याने निरोप घेतला, काम केले, पण पोच देण्याआधीच तो बंद पडला. रांगेला वाटते की काम झाले नाही, म्हणून ती तोच निरोप पुन्हा देते. 1999 मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी एमक्यूटीटी ही पद्धत तयार केली. तिच्यात निरोपाच्या तीन पायऱ्या स्पष्ट ठरवल्या आहेत: फार तर एकदा, निदान एकदा आणि नेमका एकदा. वरच्या पायरीला जास्त पोचपावत्या लागतात, म्हणून ती महाग. व्यवहारात बहुतेक यंत्रणा निदान एकदा ही पायरी घेतात आणि प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक देऊन घेणाऱ्याकडे दुहेरी काम टाळतात. नोंदणी क्रमांक पाहून केंद्राचा कारकून जसे सांगू शकतो की या नंबराचे माप झालेले आहे, तसेच.

इशारा आला तरी खात्री करा

रांग आणि इशारा यांच्या मधोमध एक जागा आहे. ती डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधली. रेल्वेच्या जुन्या हातवाऱ्याच्या सिग्नलचे नाव घेऊन त्यांनी सेमाफोर मांडला. सेमाफोर म्हणजे मोजणी ठेवणारा इशारा. पाच वेळा कळवले तर पाच लक्षात राहतात. मजकूर नाही, पण संख्या हरवत नाही. गोदामात किती जागा रिकाम्या, किती कामे बाकी, एवढेच कळायचे असेल तर सेमाफोर पुरेसा.

त्याच्या नंतरची पायरी अधिक बोधप्रद आहे. टोनी होर यांनी 1974 मध्ये मॉनिटर या, सामाईक माहिती एका कुलपाखाली ठेवणाऱ्या रचनेचे विवेचन केले. त्यात कोणी इशारा दिला की वाट पाहणाऱ्याला तत्क्षणी ताबा मिळे, त्यामुळे ज्या परिस्थितीची तो वाट पाहत होता ती खरी असल्याची हमी असे. झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी मेसा या भाषेत प्रत्यक्ष मोठी प्रणाली चालवली, आणि 1980 मध्ये तिचा अनुभव लिहिताना वेगळी भूमिका घेतली. इशारा ही हमी मानायची नाही, ती निव्वळ सूचना. जागे झालेल्याने परिस्थिती पुन्हा तपासावी. खरी नसेल तर पुन्हा झोपावे. आज जावा असो वा सीमधले थ्रेड असोत, वाट पाहण्याची ओळ नेहमी पुनरावृत्तीच्या चक्रात लिहा असे जे शिकवतात, त्यामागे हा अनुभव आहे.

उलट बाजूची चूक अधिक घातक असते. घेणारा रांग पाहतो, ती रिकामी असते, म्हणून तो झोपायचे ठरवतो. ठरवणे आणि झोपणे यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. नेमक्या त्या फटीत देणारा निरोप टाकतो आणि इशारा देतो. घेणारा अजून झोपलेला नसल्याने इशारा वाया जातो. मग तो झोपतो. रांगेत काम आहे, घेणारा झोपलेला आहे, आणि पुढचा इशारा येईल की नाही ठाऊक नाही. याला हरवलेला इशारा म्हणतात. तपासणे आणि झोपणे या दोन क्रिया एकाच कुलपाखाली, कोणालाही मध्ये शिरता येणार नाही अशा तऱ्हेने केल्या, तरच तो टळतो. हा दोष हजार वेळा चालवून एकदाच उगवतो. म्हणून तो चाचणीने नव्हे, विचाराने पकडावा लागतो.

लिनक्समधल्या पॉझिक्स क्यूमध्ये रांग आणि इशारा या दोन्हींची जोड आहे. रिकाम्या रांगेत निरोप आला की कळव, अशी नोंद प्रोग्रॅम करू शकतो. रांग आधीच रिकामी नसेल तर इशारा येत नाही, आणि एकदा इशारा दिला की ती नोंद संपते. म्हणून घेणाऱ्याने आधी पुन्हा नोंद करायची आणि मग रांग पूर्ण रिकामी करायची. क्रम उलटा केला तर हरवलेला इशारा दारात उभा असतो.

दुकानाच्या गल्ल्यावर बोलणाऱ्या यूपीआयच्या पेटीलाही हेच लागू आहे. रक्कम मिळाल्याचा तिचा आवाज हा इशारा आहे, खात्यातली नोंद हे सत्य. नेटवर्क गेले तर पेटी गप्प राहते, पण पैसे जमा झालेले असू शकतात. उलट, मोबाइलवर दाखवलेला खोटा स्क्रीनशॉट पाहून माल देणारा दुकानदार फसतो, कारण त्याने इशाऱ्यालाच नोंद मानले. शंका आली की खाते पाहावे.

मुंबईत जन्मलेल्या अभियंत्याची बस

निरोपांच्या या शास्त्राला जगभर व्यापारी रूप देणाऱ्यांत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांचे नाव ठळक आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून 1980 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स उभी केली. संगणकाच्या आत निरनिराळी कार्डे एका सामाईक मार्गाला, म्हणजे बसला, जोडलेली असतात. तसाच सामाईक मार्ग सॉफ्टवेअरसाठी का नसावा, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून द इन्फर्मेशन बस तयार झाली. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांच्या खोल्यांत तेव्हा प्रत्येक माहितीपुरवठ्यासाठी वेगळा पडदा असे. या बसमुळे पाठवणाऱ्याने विषयाचे नाव घालून निरोप सोडायचा आणि ज्याला तो विषय हवा त्याने ऐकायचा, अशी सोय झाली. 1994 मध्ये रॉयटर्सने ती कंपनी घेतली आणि 1997 मध्ये तिच्यातून टिबको उभी राहिली.

टिबकोच्या रांदेव्हू या उत्पादनात आपल्या विषयाचा गाभा दिसतो. त्यात निरोप पोहोचवण्याच्या दोन पद्धती ठेवल्या होत्या. नेहमीच्या पद्धतीत पाठवलेला निरोप थोडाच वेळ, मुळात 60 सेकंद, राखून ठेवला जाई. तेवढ्यात कोणाचा हुकला तर पुन्हा मिळे, नंतर नाही. प्रमाणित पद्धतीत प्रत्येक निरोपाची खातेवही ठेवली जाई आणि पोच मिळेपर्यंत तो पुसला जात नसे. शेअरचा चालू भाव पहिल्या मार्गाने जावा, कारण मिनिटापूर्वीच्या भावाला किंमत नाही. शेअर विकत घेण्याची ऑर्डर दुसऱ्या मार्गाने जावी, कारण ती हरवली तर कोणाचा तरी पैसा बुडतो. एकाच खोलीत, एकाच तारेवर दोन्ही गरजा असतात. तंत्र निवडताना कंपनीकडे किंवा फॅशनकडे पाहायचे नसते, त्या विशिष्ट निरोपाच्या आयुष्याकडे पाहायचे असते.

दुधाळ्याच्या माळावर

जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे त्याच औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याचे आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या कामात आहेत. काटकोनात मांडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर किरण, आणि अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपण्याची क्षमता, असे हे यंत्र. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे अशी दोन यंत्रे आहेत, आणि रांग व इशारा यांच्या निवडीचा त्यांच्याइतका स्वच्छ धडा क्वचितच मिळतो.

यंत्राच्या आत आरसे स्थिर ठेवावे लागतात. त्यासाठी संगणक सतत मोजमाप घेऊन दुरुस्ती करतात. मुख्य मोजमाप सेकंदाला 16,384 वेळा घेतले जाते, म्हणजे एका फेरीला सुमारे 61 मायक्रोसेकंद. या नियंत्रणाच्या साखळीत एका संगणकाचे मूल्य दुसऱ्याला सामाईक मेमरीतून मिळते, तिथे रांग लावत नाहीत. कारण उघड आहे. आरसा आता कुठे आहे हे हवे असताना मागच्या दहा फेऱ्यांची मूल्ये ओळीने देत बसलो, तर दुरुस्ती नेहमी मागची होईल आणि यंत्र सावरण्याऐवजी डोलू लागेल. हा तिसरा पर्याय लक्षात ठेवण्याजोगा: फक्त ताजे मूल्य, जुन्यावर लिहिलेले. वेळेत आले नाही तर चूक नोंदवायची आणि पुढे जायचे.

त्याच अमेरिकी वेधशाळांतून जगाला जाणारी बातमी मात्र नेमकी उलट वागणूक मागते. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर पोहोचली. 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. लिव्हिंगस्टनच्या नोंदीत नेमक्या त्या वेळी एक खरखर शिरली होती, त्यामुळे दोन यंत्रांची जुळणी आपोआप झाली नाही. हॅनफर्डच्या नोंदीवरून घटना ओळखली गेली, खगोलशास्त्रज्ञांना साधारण 40 मिनिटांनी कळवले गेले आणि पुढच्या काही तासांत चिलीतल्या दुर्बिणीने एनजीसी 4993 या दीर्घिकेत तो प्रकाश शोधला. सुमारे 70 वेधशाळांनी त्या घटनेचा पाठपुरावा केला. यातली एखादी दुर्बीण तेव्हा नेटवर्कबाहेर असती तर? तिला नुसत्या इशाऱ्याचा उपयोग नव्हता. तिला परत जोडल्यावर मिळणारी, मजकूर असलेली, क्रमाने लावलेली नोंद हवी होती.

अशा बातम्या नासाच्या जीसीएन या जाळ्यातून जातात. आधी तिथे थेट जोडणी आणि ईमेल यांच्यावर भर होता. 2022 पासून हे जाळे काफ्कावर उपलब्ध झाले. काफ्का ही लिंक्डइन कंपनीत बनलेली आणि 2011 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली यंत्रणा. तिच्यात निरोप वाचला म्हणून पुसला जात नाही. तो ठरलेल्या मुदतीपर्यंत वहीत राहतो आणि आपण कुठपर्यंत वाचले याची खूण प्रत्येक वाचकाची वेगळी असते. दुर्बीण तासाभराने परत आली तर तिथूनच पुढे वाचते. क्रमालाही इथे मोठा अर्थ आहे. एका घटनेबद्दल आधी प्राथमिक सूचना येते, मग सुधारित, आणि घटना खोटी निघाली तर माघारीची. माघार आधी वाचली आणि प्राथमिक सूचना नंतर, तर दुर्बीण रात्रभर रिकाम्या आकाशाकडे रोखलेली राहील. हे लक्षात घेऊनच काफ्का वापरावी, कारण ती क्रमाची हमी सगळ्या निरोपांसाठी देत नाही, एका विभागातल्या निरोपांपुरतीच देते. एका घटनेचे निरोप एकाच विभागात पडतील, ही काळजी बांधणाऱ्याने घ्यायची असते.

लहान यंत्रांनाही हाच नियम आहे. शेतातल्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्ये किंवा हवामान मोजणाऱ्या पेटीत जी छोटी चिप असते, तिच्यावर फ्रीआरटीओएससारखी प्रणाली चालू शकते. तीत क्यू आहे, सेमाफोर आहे आणि टास्क नोटिफिकेशन नावाचा हलका इशाराही आहे. सेमाफोरपेक्षा तो 45 टक्क्यांपर्यंत जलद जागे करतो आणि मेमरी कमी खातो, असे तिचे निर्माते सांगतात. पण तो एकाच कामाला पाठवता येतो आणि निरोपांचा साठा करत नाही. बटण दाबले, वीज आली, टायमर संपला, अशा घटनांना तो उत्तम. सेन्सरकडून येणारी प्रत्येक नोंद जपायची असेल तर क्यू हवी.

निवड कशी करावी

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवून पाच प्रश्न विचारावेत, आणि ते प्रोग्रॅम लिहायच्या आधी कागदावर विचारावेत.

1. काहीतरी घडले एवढे कळणे पुरेसे आहे, की काय घडले तेही हवे? मजकूर हवा असेल तर रांग.

2. पाचदा घडले आणि एकदाच कळले तर चालेल का? चालत असेल तर इशारा. फक्त संख्या हवी असेल तर सेमाफोर. प्रत्येक घटना हवी असेल तर रांग.

3. घेणारा त्या वेळी बंद असू शकतो का? असू शकत असेल तर रांग, आणि तीही डिस्कवर टिकणारी. मेमरीतली रांग वीज जाताच संपते.

4. जुना निरोप उशिरा मिळाला तर त्याची किंमत काय? शून्य असेल तर ताजे मूल्य ठेवा, रांग लावू नका.

5. रांग भरली तर कोण थांबेल, आणि तोच निरोप दोनदा आला तर काय होईल? याचे उत्तर नसेल तर रांग वापरण्याची तयारी झालेली नाही.

बहुतेक गंभीर यंत्रणांत उत्तर रांग किंवा इशारा असे एकेरी येत नाही. नोंद रांगेत पडते आणि इशारा घेणाऱ्याला जागे करतो. इशारा हरवला तरी ठराविक वेळाने रांग तपासण्याची सोय ठेवली की काम फक्त थोडे उशिरा होते, बुडत नाही. इशारा दोनदा आला तर रांग रिकामी दिसते आणि नुकसान होत नाही. एसएमएस न मिळालेल्या शेतकऱ्याला केंद्रावर जाऊन यादीत आपला नंबर पाहता आला पाहिजे, ही त्या व्यवस्थेची किमान अट. सॉफ्टवेअरलाही तीच लागू करावी.

आज हिंगोली, परभणी, नांदेडची मुले-मुली संगणक शिकून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत आणि सरकारी प्रकल्पांत कामाला लागत आहेत. शेतमाल खरेदी, पीकविमा, अनुदान, रुग्णालयातली पाळी, अशा यंत्रणा त्यांच्या हातून घडणार आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे. ज्या निरोपामागे कोणाचा माल, पैसा किंवा पाळी आहे, तो कधीही नुसत्या इशाऱ्यावर सोडू नका. त्याची नोंद आधी पक्की करा, मग इशारा द्या, आणि इशारा हुकला तरी नोंद वाचली जाईल याची तजवीज करूनच यंत्रणा लोकांच्या हाती द्या.